तुरुंगातला साबण कोण देतं?

मुलांनो, डोळे मिटा आणि तुमच्या घरच्या मोरीत काय काय आहे ते मनातल्या मनात मोजा पाहू. अंगाचा साबण, कपड्यांचा साबण, टूथपेस्ट, ज्याचा त्याचा ब्रश, खोबरेल तेलाची बाटली, फणी, टॉवेल. बाबांचं दाढीचं सामान. ताई मोठी असेल तर तिची पॅडची पाकिटं. यातलं काही संपलं की तुम्ही काय करता? "आई, साबण संपला!" अशी आरोळी ठोकता. आणि साबण येतो. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात दहा रुपयांची वडी मिळते, त्यात विशेष ते काय?

आता अशी एक जागा डोळ्यांसमोर आणा, जिथे आरोळी ऐकायला आई नाही, कोपऱ्यावर दुकान नाही आणि खिशात एक रुपयाही बाळगायला परवानगी नाही. ती जागा म्हणजे तुरुंग.

मुलांच्या अंकात तुरुंग कशाला, असं काही पालकांच्या मनात आलं असेल. पण छत्रपती संभाजीनगरच्या मुलांना तुरुंग काही परका नाही हो. अजिंठ्याच्या लेण्यांकडे जायचं तर जळगाव रोडनं हर्सूल ओलांडूनच जावं लागतं, आणि हर्सूलला आपलं मध्यवर्ती कारागृह आहे. शाळेच्या सहलीची बस तिथून गेली की गाणी थांबतात आणि सगळी डोकी एका बाजूच्या खिडक्यांकडे वळतात. मग प्रश्न सुरू होतात. "बाई, त्यांना खरंच दगड फोडायला लावतात का?" "आत टीव्ही असतो का?" एकदा मागच्या बाकावरून एका मुलीनं विचारलं, "बाई, ते आंघोळीला साबण कुठून आणतात?" सगळी मुलं हसली. मला मात्र तो त्या दिवसातला सर्वांत चांगला प्रश्न वाटला. हा लेख त्या एका प्रश्नाचंच उत्तर आहे. ते बरंच लांब आहे, तेव्हा नीट बसून वाचा.

आधी दोन शब्द समजून घेऊ. तुरुंगात दोन प्रकारचे कैदी असतात. ज्याच्यावर खटला चालून गुन्हा सिद्ध झाला आणि शिक्षा लागली तो पक्का कैदी. ज्याला पकडलंय, पण ज्याचा निकाल अजून लागायचाय तो कच्चा कैदी. कागदोपत्री त्याला 'न्यायाधीन बंदी' म्हणतात. आता गंमत नव्हे, गंभीर गोष्ट ऐका. सरकारी आकडेवारीप्रमाणे २०२२ सालच्या अखेरीला भारतातल्या तुरुंगांमध्ये ५,७३,२२० माणसं होती. त्यांतले ४,३४,३०२ जण कच्चे कैदी होते. पाटी-पेन्सिल घ्या आणि भागाकार करून बघा. चारातले तीन! म्हणजे तुरुंगातल्या दर चार माणसांमागे तिघांचा गुन्हा अजून कोर्टात सिद्धच झालेला नव्हता. त्यांतले काही दोषी ठरतील, काही निर्दोष सुटतील. तोवर मात्र ते आतच.

तुरुंग काय देतो? छप्पर देतो, पाणी देतो, चहा-नाश्ता आणि दोन वेळचं जेवण देतो, अंथरूण-पांघरूण देतो, आजारी पडलं तर डॉक्टर असतो. पक्क्या कैद्याला कपडे मिळतात; कच्चा कैदी आपलेच, घरचे कपडे वापरतो. पण माणसाचा दिवस एवढ्यावर भागत नाही, हे घर चालवणाऱ्या कोणालाही विचारा. जास्तीचा साबण, टूथपेस्ट, तेल, चपला, बनियन, पोस्टकार्ड, पेन, बिस्किटाचा पुडा, या गोष्टी लागतातच. त्या विकत घेण्यासाठी तुरुंगाच्या आत एक दुकान असतं. त्याला कँटीन म्हणतात.

दुकान आहे, पण नोटा-नाणी जवळ बाळगायला बंदी. मग खरेदी कशी करायची? प्रत्येक कैद्याच्या नावानं तुरुंगाच्या कार्यालयात एक खातं असतं. घरच्यांनी मनिऑर्डर केली की रक्कम त्या खात्यात जमा होते, आणि कँटीनमधून वस्तू घेतली की तेवढी वजा होते. महिन्याला किती पैसे मागवायचे यालाही मर्यादा असते. महाराष्ट्रात २०२१ साली ती ४,५०० रुपये होती, पुढे वाढवण्यात आली. कँटीनमधल्या वस्तूही वाढल्या. २०२३ च्या अखेरीला राज्याच्या तुरुंग खात्यानं यादीत १७३ नव्या वस्तू घातल्या. त्यांत आइस्क्रीम होतं, चित्रकलेचं सामान होतं आणि चक्क पाणीपुरीसुद्धा होती! हे वर्गात सांगितलं तेव्हा एक चिरंजीव म्हणाले, "मग काय, मजाच आहे की!"

मजा कोणाची? ज्याच्या खात्यात पैसे आहेत त्याची. आणि ज्याच्या खात्यात शून्य आहे त्याचं काय? त्याच्यासाठी ती १७३ वस्तूंची यादी म्हणजे नुसता वाचायचा कागद. तुरुंगावर ज्यांनी ज्यांनी लिहिलं आहे त्यांच्या लिखाणात एक गोष्ट पुन्हा पुन्हा येते. गरीब कैदी पैसेवाल्या कैद्याचे कपडे धुतो, भांडी घासतो, अंग रगडतो आणि त्याच्या बदल्यात साबणाचा तुकडा, दोन बिस्किटं मिळवतो. बाहेर जो मालक होता तो आतही मालक, बाहेर जो गडी होता तो आतही गडी. न्यायाधीशानं मात्र दोघांनाही एकाच कायद्याखाली आत पाठवलेलं असतं.

मनिऑर्डर न येण्याची कारणंही साधीच असतात. घरात कमावणारा तोच एक असतो आणि तोच आत गेलेला असतो. किंवा गाव लांब असतं. किंवा घरच्यांनी नाव टाकलेलं असतं. माझ्या माहितीतली एक आजी आहे. धुण्याभांड्याची चार कामं करते, नातवाला शाळेत पाठवते आणि महिन्याला तीनशे रुपये बाजूला काढून मुलाला तुरुंगात पाठवते. मनिऑर्डरला वीस रुपयांमागे एक रुपया कमिशन पडायचं, म्हणजे तीनशेला पंधरा रुपये. ते पंधरा रुपयेसुद्धा ती वेगळे गाठीला बांधून ठेवायची. भाजी कशात कमी करायची हे तिला पाठ झालेलं आहे. तेव्हा शिक्षा आत बसलेल्या एकट्यालाच होते असं समजू नका.

इथे एक आक्षेप येणार, आणि तो यायलाच हवा. पालकसभेत मी हा विषय सहज काढला तेव्हा एक गृहस्थ ताडकन म्हणाले, "बाई, ज्यानं चोरी केली त्याला साबण द्यायचा, आणि ज्याच्या घरी चोरी झाली त्याला काय द्यायचं?" प्रश्न बरोबर आहे. ज्याचं नुकसान झालं त्याला विसरून चालणारच नाही. १९९८ साली गुजरातच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं ठरवलं की कैद्याला कामाची योग्य मजुरी मिळाली पाहिजे, आणि त्याचबरोबर असंही सांगितलं की त्या मजुरीतला काही भाग गुन्ह्याची झळ बसलेल्यांसाठी बाजूला काढण्याची तरतूद राज्यांनी करावी. मला हा निकाल फार शहाणपणाचा वाटतो. कैदी कमावेल तेव्हाच तो कोणाची भरपाई करू शकेल ना? साबणालाही महाग असलेला माणूस भरपाई कुठून करणार?

दुसरी गोष्ट. न्यायाधीश शिक्षा सुनावतात ती काय? 'अमुक वर्षे कारावास.' म्हणजे त्या माणसाचं मोकळं फिरणं काढून घेतलं. 'अमुक वर्षे साबणाशिवाय' अशी शिक्षा कोणत्याही कायद्यात लिहिलेली नाही. आणि तिसरी गोष्ट तर अगदी विज्ञानाच्या पुस्तकातली. एका बराकीत माणसं दाटीवाटीनं झोपतात. एकाला खरूज झाली की ती शेजाऱ्याला होते, शेजाऱ्याकडून त्याच्या शेजाऱ्याला. पहारेकरी संध्याकाळी आपल्या घरी जातात, सुटलेला माणूस आपल्या गल्लीत परत येतो. खरजेच्या किड्याला तुरुंगाची भिंत आडवी येत नाही.

तुरुंगातल्या रोजच्या वस्तूंसाठी आपल्या देशात एका तरुणानं प्राण दिले आहेत, हे तुम्हांला ठाऊक आहे का? १९२९ सालची गोष्ट. भगतसिंग आणि बटुकेश्वर दत्त यांना शिक्षा झाली आणि त्यांची रवानगी पंजाबातल्या तुरुंगांत झाली. तिथे त्यांनी पाहिलं की गोऱ्या कैद्यांना चांगलं अन्न, चांगले कपडे मिळतात आणि हिंदुस्थानी कैद्यांच्या वाट्याला मात्र निकृष्ट ते येतं. दोघांनी जून महिन्यात उपोषण सुरू केलं. त्यांच्या मागण्या पाहिल्या तर चकित व्हायला होतं. 'आम्हांला सोडा' ही मागणी त्यांत नव्हतीच. चांगलं जेवण द्या, पुस्तकं आणि वर्तमानपत्र द्या, सक्तीची कामं लावू नका, नीट कपडे द्या, न्हाण्याधुण्याच्या वस्तू द्या, अशा त्या मागण्या होत्या.

लाहोरच्या तुरुंगातले त्यांचे बाकीचे साथीदारही उपोषणात उतरले. त्यांत कलकत्त्याचे जतींद्रनाथ दास होते. वय अवघं चोवीस. त्यांना बळजबरीनं अन्न भरवायचे प्रयत्न झाले, त्यात प्रकृती जास्तच ढासळली. १३ सप्टेंबर १९२९ रोजी, उपोषणाच्या ६३ व्या दिवशी, जतीनदा गेले. त्यांचा देह लाहोरहून रेल्वेनं कलकत्त्याला नेला, तेव्हा वाटेतल्या स्टेशनांवर माणसांची रीघ लागली होती.

पुढे काय झालं ते ऐका. सरकारनं १९३० साली कैद्यांचे अ, ब आणि क असे वर्ग पाडले. वर्ग कशावरून ठरायचा? इतर गोष्टींबरोबर कैद्याचं शिक्षण, समाजातलं स्थान आणि घरची राहणी यांवरून! म्हणजे घरी ज्याची गादी मऊ, त्याला तुरुंगातही सवलत. आणि सत्याग्रहात सामील झालेला साधा शेतकरी-मजूर गेला क वर्गात. गोऱ्या-काळ्याचा भेद थोडा बाजूला झाला, पण गरीब-श्रीमंताचा भेद नियमातच लिहून ठेवला गेला. आजच्या मनिऑर्डरीचा आणि कँटीनचा विचार करताना मला तो अ-ब-क नेहमी आठवतो.

कागद-पेन्सिल ही चैन आहे की गरज, हाही एक जुनाच वाद. साने गुरुजींनी 'श्यामची आई' नाशिकच्या तुरुंगात लिहिली, १९३३ च्या फेब्रुवारीत, पाच दिवसांत. त्यांना कागदच मिळाला नसता तर? असो.

साऱ्या जगातच हा प्रश्न आहे. दक्षिण आफ्रिकेत नेल्सन मंडेला २७ वर्षं तुरुंगात होते. रॉबेन बेटावरच्या तुरुंगात कातडीच्या रंगावरून जेवण आणि कपडे ठरत. काळ्या आफ्रिकी कैद्यांना पाव मिळत नसे आणि थंडीतही अर्ध्या चड्ड्या घालाव्या लागत. संयुक्त राष्ट्रांनी २०१५ साली कैद्यांना कसं वागवावं याचे नियम नव्यानं केले, तेव्हा त्यांना मंडेलांचं नाव दिलं. त्यांतला एक नियम सांगतो की कैद्यानं स्वच्छ राहावं, आणि त्यासाठी लागणारं पाणी आणि न्हाण्याधुण्याच्या वस्तू त्याला पुरवल्या जाव्यात. अमेरिका एवढी श्रीमंत, पण तिथेही तुरुंगातून घरी फोन करायचा तर गरीब कुटुंबांचं कंबरडं मोडायचं. २०२२ साली कनेक्टिकट राज्यानं आणि २०२३ च्या सुरुवातीपासून कॅलिफोर्नियानं हे फोन फुकट केले.

आता आपल्या राज्यात परत या. घरून मनिऑर्डर येत नसेल तर पैसे मिळवायचा एक सरळ मार्ग आहे, तो म्हणजे काम. पक्के कैदी तुरुंगात सुतारकाम करतात, कापड विणतात, शिवणकाम करतात, स्वयंपाक करतात. नाशिकरोडच्या तुरुंगातले कैदी गणपतीच्या सुबक मूर्ती घडवतात. आपल्या पैठणला खुलं कारागृह आहे, तिथले कैदी शेती करतात. (खुलं कारागृह ही कल्पना आपल्याकडे जुनी आहे. औंध संस्थानानं आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसवलं, त्यावरूनच व्ही. शांताराम यांना 'दो आँखें बारह हाथ' हा १९५७ चा सिनेमा सुचला. आजी-आजोबांना विचारा, त्यांनी नक्की पाहिला असेल.)

या कामाची मजुरी किती? ऑगस्ट २०२३ मध्ये महाराष्ट्रानं ती वाढवली. कुशल कामाला दिवसाला ७४ रुपये, अर्धकुशल कामाला ६७ आणि अकुशल कामाला ५३. त्याआधी ती ६७, ६१ आणि ४८ होती. चला, गणित करू. अकुशल काम, महिन्याचे २६ दिवस. ५३ गुणिले २६ म्हणजे १,३७८ रुपये. यातून स्वतःचा साबण-तेल आणि उरले तर घरी. घरी बायको, दोन मुलं, म्हातारे आई-बाप. तुमच्या शाळेची वर्षाची फी, गणवेश आणि दप्तर आठवा आणि सांगा, भागेल का?

न भागलं की घरचे लोक जातात सावकाराकडे. तुरुंगात असलेल्या माणसाच्या कुटुंबाला बँक दारात उभं करत नाही. सावकार उभं करतो, पण महिना शेकडा पाचनं. म्हणजे वीस हजार घेतले तर वर्षाचं व्याजच बारा हजार!

इथे महाराष्ट्रानं एक अशी गोष्ट केली, जी देशात पूर्वी कोणी केली नव्हती. १ मे २०२२ ला, महाराष्ट्रदिनी, महाराष्ट्र राज्य सहकारी बँकेनं पुण्याच्या येरवडा कारागृहातून कैद्यांसाठी कर्ज योजना सुरू केली. तिचं नाव 'जिव्हाळा'. कैद्याला ५० हजार रुपयांपर्यंत कर्ज, व्याज वर्षाला ७ टक्के. तारण नको, जामीनदार नको. हप्ता कापायचा तो त्याच्या तुरुंगातल्या मजुरीतून. मुलांचं शिक्षण, घरचं आजारपण, वकिलाची फी अशा कामांसाठी ते पैसे. त्याच वीस हजारांचं वर्षाचं व्याज किती झालं? चौदाशे. बारा हजार कुठे आणि चौदाशे कुठे! शिवाय व्याजातला एक टक्का बँक कैद्यांच्याच कल्याण निधीला देते. मला यातली सगळ्यांत चांगली गोष्ट कोणती वाटली सांगू? बँकेनं कैद्याला भीक दिली नाही. तू परत फेडशील, असं समजून कर्ज दिलं. आत बसलेला बाप आपल्या मजुरीतून मुलीची फी भरतो, ही त्याच्यासाठी आणि त्या मुलीसाठीही मोठीच गोष्ट आहे.

पण थांबा. यात एक मोठं भोक आहे, तुमच्यातल्या हुशार मुलांच्या लक्षात आलंच असेल. मजुरी पक्क्या कैद्याला. कर्ज मजुरीवर. मग चारातल्या त्या तीन कच्च्या कैद्यांचं काय? त्यांच्यावर कामाची सक्ती करता येत नाही, म्हणून साधारणपणे त्यांना मजुरीही नाही. खात्यात काही यायचं तर घरूनच यायला हवं.

त्यांतल्या कित्येकांना तर आत राहायचंही कारण नसतं. कोर्टानं जामीन मंजूर केलेला असतो, पण जामिनाचे पैसे किंवा जामीनदार मिळत नाही. याची एक प्रसिद्ध हकिगत आहे. मध्य प्रदेशात मोतीराम नावाचा एक गवंडी होता. त्याला जामीन द्यायचं ठरलं, पण खालच्या कोर्टानं दहा हजारांचा जामीनदार मागितला. १९७८ सालचे दहा हजार, बरं का! गवंड्याला ते कुठून जमणार? त्याचा भाऊ पुढे आला, तर कोर्ट म्हणालं, तुझी मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे, चालणार नाही. प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयात गेलं. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्या आदेशावर कडक ताशेरे ओढले आणि मोतीरामला एक हजार रुपयांच्या स्वतःच्या हमीवर सोडायला सांगितलं. गरिबाला परवडणारच नाही असा जामीन मागणं म्हणजे जामीन नाकारण्यासारखंच आहे, असा त्या निकालाचा सूर होता.

मोतीरामनंतर चाळीसहून अधिक वर्षं गेली, प्रश्न संपला नाही. २६ नोव्हेंबर २०२२ ला, संविधान दिनी, राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी सर्वोच्च न्यायालयाच्या कार्यक्रमात, समोर न्यायाधीश आणि मंत्री बसलेले असताना, तुरुंगात अडकून पडलेल्या गरिबांचा विषय काढला. लिहून आणलेलं भाषण बाजूला ठेवून त्या मनापासून बोलल्या. पुढच्या वर्षी, २०२३ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात गरीब कैद्यांना मदत करण्याची योजना जाहीर झाली. जामीन मिळूनही पैशांअभावी अडकलेल्या कच्च्या कैद्यासाठी ४० हजारांपर्यंत आणि दंड भरता येत नाही म्हणून अडकलेल्या पक्क्या कैद्यासाठी २५ हजारांपर्यंत रक्कम सरकारनं भरायची, असं २०२३ साली ठरलं. जिल्ह्यातली एक समिती कागद तपासून मंजुरी देते. अमली पदार्थ, दहशतवाद अशा गंभीर गुन्ह्यांतल्यांना ही योजना नाही. जामीन मंजूर झाल्यावर सात दिवसांत कैदी सुटला नाही, तर तुरुंगानं आपणहून जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचं, असंही ठरवून दिलेलं आहे. योजना कागदावर चांगली आहे. पण ती आपल्यासाठी आहे हे आतल्या निरक्षर माणसाला कोणी सांगितलं तर! म्हणूनच तुरुंगात जाऊन कैद्यांशी बोलणाऱ्या, त्यांचे कागद पुरे करणाऱ्या माणसांची किंमत फार आहे. मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा 'प्रयास' हा प्रकल्प १९९० पासून हे काम करतो आहे.

आणि मुलांनो, तुरुंगात तुमच्याहून लहान मुलंही असतात, हे माहीत आहे? त्यांनी काही केलेलं नसतं. आई तुरुंगात असेल आणि बाहेर सांभाळायला कोणी नसेल, तर सहा वर्षांपर्यंतचं मूल आईजवळ राहू शकतं. सर्वोच्च न्यायालयानं २००६ साली बजावलं की हे मूल कैदी नाही. त्याला पुरेसं अन्न, कपडे, औषध, खेळ आणि शिक्षण मिळालंच पाहिजे. आयांच्या गरजाही वेगळ्या असतात. स्त्री कैद्यांना गरजेप्रमाणे सॅनिटरी पॅड द्यावेत असं २०१६ च्या आदर्श कारागृह नियमावलीत लिहिलेलं आहे, आणि ते लिहायला २०१६ साल उजाडावं लागलं नसतं तर बरं झालं असतं, असं मला राहून राहून वाटतं.

सहा वर्षं पूर्ण झाली की ते मूल बाहेर येतं. आजीकडे, मामाकडे, नाहीतर एखाद्या बालगृहात. आणि मग ते शाळेत येतं, कदाचित तुमच्याच वर्गात. त्याचे बाबा "गावाला गेलेत" असं ते सांगतं. तुम्हांला खरं कळलंच, तर मधल्या सुट्टीत त्याची चर्चा करायची नाही. एवढं एक काम मात्र बिनपैशाचं आहे आणि ते फक्त तुम्हीच करू शकता. मी किंवा हेडमास्तर नाही करू शकत. राज्यातल्या काही कारागृहांत 'गळाभेट' नावाचा कार्यक्रम होतो. एरवी जाळीतून किंवा काचेतून बोलणारी मुलं त्या दिवशी आई-बाबांना प्रत्यक्ष बिलगतात. असा एक दिवस मिळाला तर तुमचा मित्र दुसऱ्या दिवशी शाळेत उशिरा येईल. त्याला कारण विचारू नका.

पालकहो, आता तुमच्यासाठी. तुरुंगाच्या दारात साबणाचं खोकं घेऊन जाऊ नका. ते आत घेत नाहीत, आणि सुरक्षेच्या दृष्टीनं ते बरोबरच आहे. वाचून झालेली चांगली पुस्तकं कारागृहाच्या वाचनालयाला द्यायची असतील तर आधी अधीक्षकांना पत्र लिहून परवानगी घ्या. कैद्यांनी बनवलेल्या वस्तूंची विक्री कुठे दिसली तर अवश्य घ्या. ओळखीच्या एखाद्या घरातला कमावता माणूस आत असेल, तर त्या घरच्या मुलासाठी सरकारची बालसंगोपन योजना आहे. क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांचं नाव तिला दिलेलं आहे आणि २०२३ पासून तिच्यात महिन्याला २,२५० रुपये मिळतात. अर्ज जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयात करायचा. त्या आजीसारख्या बाईला अर्ज लिहिता येत नाही. तुम्हांला येतो. रेशनकार्ड, शाळेचा दाखला आणि बाप तुरुंगात असल्याचा कागद, एवढं गोळा करण्यात एक दुपार जाईल.

आणि वकील परवडत नसेल तर फुकट मिळतो. विधी सेवा प्राधिकरणाचा फोन नंबर सोपा आहे, १५१००. वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवा.